चढाओढीची मर्यादा

६ नोव्हेंबर २०२२ रोजीं स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया येथें मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपदाची त्या हंगामांतील शेवटची शर्यत झाली. आलेक्स रिन्स नांवाच्या स्वारानें ती सुझुकी कारखान्याच्या गाडीवरून जिंकली. शर्यत म्हटली कीं कोणीतरी जिंकावयाचाच. त्यांत नवल तें काय? नवल एवढेंच कीं, त्या विजयानंतर सुझुकीनें मैदान सोडलें. जाण्याचा निर्णय त्या वर्षाच्या मध्यावरच झालेला होता, आणि तो झाल्यावरहि हंगामांतील शेवटच्या तीन शर्यतींपैकीं दोन त्याच कारखान्याच्या गाडीनें जिंकल्या. दोनच वर्षांपूर्वीं, २०२० सालीं, जोआन मीर यानें याच कारखान्याच्या गाडीवर जगाचें अजिंक्यपद मिळविलें होतें. शिवाय २०२६ अखेर शर्यतींत राहण्याचा करार सुझुकीनें केलेला होता. तोहि आयोजकांशीं बोलणें करून मोडून घेण्यांत आला.

माझा पुतण्या पिंपरीच्या बाजूस गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत एंजिनिअर आहे. या शर्यतींचें त्यास वेड आहे. मी पडलों तत्त्वज्ञान शिकविणारा मनुष्य. यंत्राशीं माझा परिचय माझ्या जुन्या स्कूटरपलीकडे गेलेला नाहीं. तथापि त्याच्या नादानें रविवारीं सायंकाळीं त्याच्या शेजारीं बसून या शर्यती पाहण्याची संवय मलाहि लागली आहे. त्या दिवशीं शर्यत संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, जिंकत होते, मग गेले कां?” मीं सहज सांगितलें कीं पैसे संपले असतील. तो हंसला. “सुझुकीचे पैसे कुठले संपायला?” असें म्हणून त्यानें विषय सोडून दिला, पण माझ्या मनांतून तो गेला नाहीं. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर आपण विद्यार्थ्याच्या खऱ्या प्रश्नास खोटें उत्तर दिलें ही जाणीव सुखाची नसते.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. चढाओढ ही चांगली गोष्ट आहे असें आपण सामान्यतः मानतों. तिच्या योगानें माणसाच्या अंगचे सुप्त गुण प्रकट होतात, कारागिरी सुधारते, आळस झडतो. परंतु चढाओढींत उतरलेल्या पक्षानें जिंकण्यासाठीं किती खर्चावें, आणि प्रतिपक्षास पेलणार नाहीं इतकें खर्चणें हा त्याचा हक्क आहे कीं अपराध, याचा विचार आपण क्वचितच करतों. मोटारसायकलींच्या शर्यतींचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास या विचारास इतका सोयीचा आहे कीं, एखाद्या तर्कशास्त्रज्ञानें तो दृष्टांतासाठीं मुद्दाम रचला असावा असें वाटावें.

ज्या वाचकांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें १९४९ सालीं हें अजिंक्यपद सुरू केलें. निरनिराळ्या देशांत होणाऱ्या या शर्यतींस ग्रां प्री असें म्हणतात. प्रत्येक शर्यतींत दोन परीक्षा एकाच वेळीं चाललेल्या असतात. एक स्वाराची व दुसरी कारखानदाराची. यांपैकीं स्वाराचें धैर्य व कौशल्य पैशानें एका मर्यादेपलीकडे वाढवितां येत नाहीं. यंत्राची गोष्ट निराळी. आमच्या कुस्तीच्या फडांत जोड लावतांना वजन व वकूब पाहतात. पहिलवानाचा खुराक कोणी पाहत नाहीं, कारण दूधबदामाची कितीहि लयलूट केली तरी माणसाच्या पोटास सीमा आहे. यंत्राच्या पोटास सीमा नाहीं. त्याला जितकें द्यावें तितकें तें खातें, आणि जितकें खातें तितकें, थोडें कां होईना, अधिक वेगानें धांवतें. म्हणून ज्या खेळांत यंत्र आहे त्या खेळांत थैली हा न बोलावलेला तिसरा स्पर्धक पहिल्या दिवसापासून हजर असतो.

या तिसऱ्या स्पर्धकानें आपलें बळ प्रथम दाखविलें तें १९५७ सालीं. त्या वर्षीं साइडकारचा वर्ग सोडला तर १२५, २५०, ३५० व ५०० सीसी असे चार वर्ग होते, आणि त्या चारहि वर्गांचीं अजिंक्यपदें इटलींतील तीन कारखान्यांनीं वांटून घेतलीं. ५०० चें गिलेरानें मिळविलें, ३५० चें मोटो गुझ्झीनें, आणि उरलेलीं दोन मोंडिअलनें. त्याच वर्षीं गिलेराच्या गाडीवरून बॉब मॅकिन्टायर यानें आइल ऑफ मॅन बेटावरील वाटेची एक फेरी ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें पुरी केली. असें पूर्वीं कोणास साधलें नव्हतें. मोटो गुझ्झीपाशीं तर ५०० सीसींच्या एंजिनांत आठ सिलिंडर बसविलेली कार्कानो या यंत्रज्ञाची अद्भुत कृति होती. वैभवाच्या अशा शिखरावर असतांना, हंगाम संपतांच, या तिन्ही कारखान्यांनीं मिळून जाहीर केलें कीं आम्ही शर्यती सोडीत आहों. शर्यतींचा खर्च चढत होता, आणि स्वस्त लहान मोटारी रस्त्यावर येऊं लागल्यामुळें मोटारसायकलींचा खप उतरत होता. चौथा मोठा इटालियन कारखानदार एम. व्ही. अगुस्टा हा प्रथम या बेतांत सामील होता. परंतु मागाहून त्यानें आपला विचार बदलला. अगुस्टा घराण्याचा विमानें व हेलिकॉप्टरें यांचा मोठा उद्योग होता. शर्यती हा काउंट डोमेनिको अगुस्टा यांचा शोक होता, आणि शोकाचा हिशेब दुकानाच्या वहींत लिहिला जात नाहीं.

पुढें काय झालें तें पाहावें. १९५८, १९५९ व १९६० या तीन वर्षांत चारहि वर्गांचीं अजिंक्यपदें, म्हणजे बारांपैकीं बारा, एकट्या अगुस्टाच्या गाड्यांनीं मिळविलीं. १९५७ सालीं ज्याच्या पदरीं त्यांपैकीं एकहि नव्हतें त्यानें पुढच्याच वर्षीं सर्वच्या सर्व घ्यावीं, हें त्याच्या यंत्रांत एका हिंवाळ्यांत झालेल्या सुधारणेचें फळ नव्हे. समोरचीं माणसें उठून गेल्याचें फळ होय. त्या गाड्यांवर बसणारे स्वार सामान्य होते असें मात्र कोणी समजूं नये. त्यांतील जॉन सर्टीज यानें पुढें १९६४ सालीं मोटारींच्या शर्यतींचेंहि अजिंक्यपद मिळविलें. दुचाकी व चारचाकी अशीं दोन्हीं जागतिक अजिंक्यपदें मिळविणारा तो आजवरचा एकटाच पुरुष आहे. अशा स्वाराचीं ऐन उमेदीचीं वर्षें ज्यांत गेलीं त्या विजयांकडे पाहतांना आज प्रश्न पडतो कीं, त्यांनीं सिद्ध काय केलें? सर्टीजची योग्यता अधिक कठीण कसोटीस उतरली असती. ती कसोटी त्याला मिळाली नाहीं. ज्यानें प्रतिस्पर्ध्यास घालविलें, किंवा तो गेला असतां समाधान मानलें, त्यानें आपल्याच विजयाचे साक्षीदार घालविले. हेगेलनें स्वामी व दास यांच्या संबंधाचें जें विवेचन केलें आहे त्याचें मर्म हेंच आहे. ज्याला मीं पायाखालीं घातलें त्याच्या तोंडून माझी थोरवी कबूल करून घेण्यांत मला समाधान मिळत नाहीं, कारण त्याच्या कबुलीस मीच किंमत ठेवलेली नसते. मान बरोबरीच्यानें द्यावा लागतो. आणि बरोबरीचा उरला नाहीं म्हणजे मानहि उरत नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो क्षुल्लक नाहीं. कोणी म्हणेल, ज्याला झेपत नाहीं त्यानें जावें. बलवानानें आपलें बळ आंवरून कां धरावें? तो आपल्याच पैशाचा व्यय करतो, आणि त्या व्ययांतून नवें ज्ञान जन्मास येतें. हा आक्षेप खरा करून दाखविणारी माणसें जपानांतून आलीं. सोइचिरो होंडा यांनीं १९५४ सालीं, त्यांचा कारखाना अजून बाल्यावस्थेंत असतांना, आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत उतरण्याचा आपला संकल्प प्रसिद्ध केला. १९५९ सालीं त्यांच्या गाड्या तेथें प्रथम धांवल्या व १२५ सीसी वर्गांत सहावा क्रमांक व संघाचें पारितोषिक घेऊन परतल्या. १९६१ सालीं १२५ व २५० अशा दोन्ही वर्गांचीं अजिंक्यपदें त्यांची झालीं. पाठोपाठ सुझुकी व यामाहा आले, आणि या तीन कारखान्यांत जी चुरस लागली तिनें यंत्रविद्येंत चमत्कार घडविले. होंडानें २५० सीसींच्या एंजिनांत सहा सिलिंडर बसविले व १२५ सीसींत पांच. लहानांतल्या लहान ५० सीसी वर्गांत दोन सिलिंडरांचीं एंजिनें आलीं. म्हणजे एका सिलिंडरच्या वांट्यास २५ सीसी, चहाच्या पांच चमच्यांत मावेल एवढी जागा! हीं एंजिनें मिनिटास वीस हजारांहून अधिक फेरे घेत, आणि इतक्या चिमुकल्या यंत्राची शक्ति फार थोड्या वेगमर्यादेंतच हातीं लागत असल्यामुळें सुझुकीनें आपल्या ५० सीसी गाडीस चौदा गिअर बसविले. घड्याळजीच्या हातचें हें काम थैलीचें तोंड मोकळें सुटल्यावांचून झालें नसतें. म्हणून खर्चाची निंदा करणारानें प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, मर्यादेलाहि किंमत पडते, व ती किंमत कधीं कधीं सौंदर्यानें द्यावी लागते.

परंतु ही कथा येथें संपत नाहीं. १९६७ चा हंगाम पुरा झाल्यावर होंडा निघून गेली, व सुझुकीनेंहि आपले कारखानदारी संघ मागें घेतले. १२५ व २५० या दोन वर्गांत यामाहाला तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नाहीं. मग १९६८ सालीं असें झालें कीं, यामाहानें आपल्या दोन स्वारांत विजय आधींच वांटून दिले: १२५ चें अजिंक्यपद फिल रीड यानें घ्यावें व २५० चें बिल आयव्ही यानें. रीडनें आपल्या वांट्याचें अजिंक्यपद हातीं येतांच तो हुकूम झुगारून दिला आणि तो दुसऱ्यासाठींहि लढला. अखेरीस २५० सीसी वर्गांत दोघांचे गुण सारखे झाले, आणि शर्यतींतील वेळांची बेरीज करून तेंहि पद रीडला देण्यांत आलें. रीडनें दिल्या शब्दाचा भंग केला म्हणून त्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण मला या प्रसंगांत दुसरीच गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. प्रतिस्पर्धी नाहींसा झाल्याबरोबर शर्यतीची जागा हुकुमानें घेतली. कचेरींत बसून विजय वांटतां येऊं लागले, आणि खरी शर्यत पाहावयाची तर ती कोणीतरी आज्ञाभंग केल्यावांचून पाहावयास मिळेना. जेथें प्रामाणिकपणानें खेळण्यासाठीं वचन मोडावें लागतें तेथें खेळाचें स्वरूपच बिघडलेलें असतें, असें म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

चढाओढ आणि मर्यादा यांचा संबंध कसा आहे हें याहूनहि स्पष्ट दाखविणारें वर्ष म्हणजे १९८३. त्या वर्षीं होंडा व यामाहा हे दोन कारखाने दोन निरनिराळ्या आखाड्यांत एकमेकांशीं झुंजत होते. पहिला आखाडा ५०० सीसींच्या शर्यतीचा. होंडाच्या गाडीवर फ्रेडी स्पेन्सर व यामाहाच्या गाडीवर केनी रॉबर्ट्स असे दोन अमेरिकन स्वार होते. शर्यती बारा झाल्या. त्यांतील सहा एकानें जिंकल्या, सहा दुसऱ्यानें, आणि अजिंक्यपद दोन गुणांच्या फरकानें स्पेन्सरकडे गेलें. चाळीस वर्षें लोटलीं तरी जाणते लोक त्या हंगामाची आठवण काढतात, आणि आठवण काढतांना हरलेल्याचें नांव जिंकलेल्याच्या बरोबरीनें घेतात. दुसरा आखाडा बाजाराचा. जपानांतील विक्रींत होंडास मागें टाकावयाचें असा संकल्प यामाहानें दोन वर्षांपूर्वीं सोडला होता. होंडानें उत्तरादाखल नव्या नव्या गाड्यांचा पूर लोटला व किंमती उतरविल्या. दोघांनींहि खपतील त्यांहून फार अधिक गाड्या केल्या. १९८३ सालीं यामाहाच्या गोदामांत न विकलेल्या गाड्यांचे ढीग पडले, तिच्या अध्यक्षांस पराभव कबूल करून पद सोडावें लागलें, आणि कारखान्यावर माणसें कमी करण्याची पाळी आली.

पक्ष तेच, ईर्षा तीच, वर्षहि तेंच. फळें मात्र इतकीं भिन्न कां? माझ्या मतें कारण एकच आहे. पहिल्या आखाड्यास कुंपण होतें व दुसऱ्यास नव्हतें. बारा शर्यती, पांचशें सीसी, ठरलेली वाट, ठरलेली वेळ. त्या कुंपणाच्या आंत दोघांनीं एकमेकांस जितकें ताणलें तितके दोघेहि मोठे झाले. बाजारांत कोठें थांबावयाचें हें कोणीच ठरविलें नव्हतें. तेथें थांबण्याची जागा म्हणजे दोघांपैकीं एकाचा नाश. आपल्या भाषेंतील ‘चढाओढ’ हा शब्द उच्चारतांना ‘चढ’ आणि ‘ओढ’ असे दोन ध्वनि कानीं पडतात. एकमेकांच्या ईर्षेनें वर चढणें आणि एकमेकांस खालीं ओढणें या दोन्ही क्रिया एकाच वृत्तींतून निघतात. त्यांपैकीं कोणती वरचढ होईल हें त्या वृत्तीवर अवलंबून नाहीं. तिला घातलेल्या मर्यादेवर अवलंबून आहे.

तर मग नियम करावे, म्हणजे झालें, असें वाटणें साहजिक आहे. नियम पुष्कळ झाले आहेत. साठ सालच्या दशकांतील उधळपट्टी पाहून महासंघानें ५० सीसी वर्गास १९६९ पासून एक सिलिंडर व सहा गिअर यांचें बंधन घातलें, आणि पुढच्या वर्षापासून १२५ व २५० सीसी वर्गांस दोन सिलिंडरांचें. अलीकडच्या काळांत, ज्यास आतां मोटोजीपी म्हणतात त्या वरिष्ठ वर्गांत, २००९ पासून सर्वांस एकाच कारखान्याचे टायर देण्यांत येऊं लागले. २०१६ पासून एंजिनावर हुकमत चालविणाऱ्या संगणकाची आज्ञावलीहि सर्वांस एकच झाली. त्यापूर्वीं तिच्यावर मोठमोठे कारखाने अपार पैसा ओतीत असत. त्या एका हंगामांत नऊ निरनिराळ्या स्वारांनीं शर्यती जिंकल्या. यावरून नियमांस कांहींच अर्थ नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

परंतु पाण्यास एकीकडे बांध घातला तर तें दुसरीकडे वाट काढतें, तसेंच पैशाचें आहे. संगणकाचा मार्ग बंद होत असतांनाच वाऱ्याचा मार्ग उघडला. इटलींतील डुकाटी कारखान्यानें २०१५ सालीं आपल्या गाडीस लहान पंख लावले; २०१७ पासून तशा सुट्या पंखांस मनाई झाली, तेव्हां ते गाडीच्या आवरणांतच निराळ्या आकारानें अवतरले, आणि त्यांचे आकार शोधण्यासाठीं वाऱ्याचे कृत्रिम बोगदे भाड्यानें घ्यावे लागूं लागले. पाठोपाठ शर्यत चालू असतां गाडीची मागील बाजू खालीं बसविण्याची युक्ति निघाली. ती एकानें आणली म्हणून सर्वांस आणावी लागली. सर्वांपाशीं झाल्यावर कोणासच तिचा लाभ उरला नाहीं, खर्च मात्र सर्वांच्या माथीं कायम राहिला. २०२४ सालीं जाहीर झालेल्या नियमांनीं २०२७ च्या हंगामापासून ही युक्ति वर्ज्य ठरविली, एंजिन १००० वरून ८५० सीसींवर आणलें व पंखांचा पसाराहि कमी केला. नियम येतो तो नेहमीं वासनेच्या मागून येतो. वासना घोड्यावर असते आणि नियम पायीं चालतो.

नियमांचा दुसराहि एक प्रकार आहे. दुबळ्यास सवलत देण्याचा. डुकाटीनें या वर्गांत इतकी आघाडी मारली कीं, २०२४ च्या हंगामांत झालेल्या वीस शर्यतींपैकीं एकोणीस तिच्या गाड्यांनीं जिंकल्या. त्या हंगामापासून कारखानदारांचे त्यांच्या यशाप्रमाणें चार वर्ग पाडण्यांत आले. जो मागें आहे त्याला सरावाच्या, टायरांच्या व सुधारणेच्या अधिक सवलती, जो पुढें आहे त्याला कमी. सर्वांत खालच्या वर्गांत आरंभींच कोण असावें? होंडा आणि यामाहा! ज्या होंडाच्या बळापुढें एके काळीं सारे टेकीस आले होते तिनें सवलतीच्या रांगेंत उभें राहावें, हा काळाचा महिमा होय. या व्यवस्थेस कित्येक लोक भिक्षा म्हणतात. मला तें मान्य नाहीं. भिक्षा देणाऱ्यास घेणाऱ्याची गरज नसते. येथें जो पुढें आहे त्याला मागच्याची गरज मागच्यास असलेल्या त्याच्या गरजेहून कमी नाहीं. समोर कोणी उरलें नाहीं म्हणजे काय होतें हें अगुस्टानें बारा पदें मिळवून, आणि यामाहानें तीं वांटून देऊन, दाखविलेलें आहे.

महाभारतांत युद्धाच्या आरंभीं कौरव-पांडवांनीं मिळून युद्धाचे नियम ठरविल्याची कथा आहे: रथ्यानें रथ्याशीं लढावें, स्वारानें स्वाराशीं, पळणाऱ्यावर शस्त्र चालवूं नये इत्यादि. जे एकमेकांचे प्राण घेण्यास उभे होते त्यांनीं आधीं एकमेकांशीं करार करावा, यांत विसंगति दिसते. पण विचार करतां असें आढळतें कीं, त्या करारानेंच तें धर्मयुद्ध ठरलें, नाहींपेक्षां ती नुसती कत्तल झाली असती. पुढें अठरा दिवसांत ते नियम दोन्ही पक्षांनीं मोडले, आणि शेवटीं ज्याला राज्य मिळालें त्या युधिष्ठिराला तें गोड लागलें नाहीं. त्याच्या विजयाचे साक्षीदार समरभूमीवर पडले होते.

यावरून माझ्या मतें चढाओढीचा धर्म असा ठरतो. जिंकण्याची इच्छा बाळगणें गैर नाहीं. बाळगलीच पाहिजे, नाहीं तर खेळ खोटा होतो. परंतु त्या इच्छेच्या पोटांतच दुसरी एक इच्छा असली पाहिजे, ती ही कीं, समोरच्यानें उभें राहावें. ही दुसरी इच्छा दया नव्हे. ती विजयाचीच अट आहे. ज्या खर्चानें मी समोरच्याहून अधिक चांगला होतों तो खर्च न्याय्य. ज्या खर्चानें समोरच्यास केवळ उभें राहणें अशक्य होतें तो अन्याय्य. या दोहोंमधील रेषा नेहमींच स्पष्ट असते असें मी म्हणत नाहीं. होंडाचें सहा सिलिंडरांचें एंजिन त्या रेषेच्या कोणत्या बाजूस पडतें हें मला आजहि निश्चित सांगवत नाहीं. परंतु रेषा अस्पष्ट आहे म्हणून ती नाहीं असें होत नाहीं. संधिकाळ असतो म्हणून दिवस व रात्र एक ठरत नाहींत.

एक गोष्ट मात्र या हिशेबांत नेहमीं विसरली जाते. चढाओढीचा खर्च चढाओढ करणारेच सोसतात असें आपण समजतों. वस्तुतः तसें नसतें. ऑस्ट्रियांतील माटिगहोफेन या गांवचा केटीएम कारखाना या शर्यतींत मोठ्या जिद्दीनें उतरला होता. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याला आपण देणीं भागवूं शकत नाहीं असें न्यायालयास सांगावें लागलें. हें शर्यतींमुळें झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. न विकलेल्या गाड्या गोदामांत सांचल्या हें त्याचें प्रमुख कारण होतें. म्हणजे १९८३ सालीं यामाहाचें जें झालें तेंच पुन्हां झालें. कारखाना कांहीं महिने बंद राहिला, शेंकडों कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें धनकोंनीं आपल्या येण्यापैकीं शंभरास तीस घेऊन बाकीवर पाणी सोडण्यास संमति दिली. त्याला बुडतांना हात दिला तो आमच्या पुण्याच्या बजाज ऑटोनें. २००७ पासून तिची त्यांत भागीदारी आहे, व चाकणच्या तिच्या कारखान्यांत केटीएमच्या गाड्या तयार होतात. तिनें सुमारें ८० कोटि युरोंची तरतूद केली तेव्हां कारखाना वांचला. केटीएमच्या गाड्या २०२५ च्या हंगामांत शर्यतींतहि धांवल्या.

ही बातमी वाचल्यावर माझ्या पुतण्यास आनंद झाला. त्याच्या आवडीची गाडी मैदानांत राहिली होती. मीं त्याला विचारलें, “तुमच्या कारखान्याचे कोणाकडे शंभर रुपये येणें आहेत आणि त्यानें तीस हातावर ठेवले, तर तुमचें काय होईल?” तो म्हणाला, “दोन महिन्यांत कुलूप लागेल, काका.” मग आम्ही दोघेहि कांहीं वेळ बोललों नाहीं. त्या शंभरांतील उरलेले सत्तर कोणाचे होते? कोणी खिळे-बोल्ट पुरविले असतील, कोणी रंग दिला असेल, कोणी उपाहारगृहास भाजी घातली असेल. त्यांच्यापैकीं एकानेंहि कोणाशीं शर्यत लावलेली नव्हती.

म्हणून सुझुकी जिंकत असतां कां गेली या प्रश्नास मी आतां निराळें उत्तर देईन. आर्थिक परिस्थिति व वाहनांच्या जगांत होऊं घातलेलीं स्थित्यंतरें यांकडे आपली सारी शक्ति लावावयाची आहे, असें त्या कारखान्यानें आपलें कारण सांगितलें. त्यानें दिलेला शब्द मोडला. त्याच्या संघांतील माणसांस दुसरें काम शोधावें लागलें. हा दोष त्याच्या पदरीं राहतोच. परंतु जिंकत असतां थांबणें ही गोष्ट हरल्यावर थांबण्याहून कठीण आहे. जो हरल्यावर थांबतो त्याला दुसरा थांबवितो. जो जिंकत असतां थांबतो त्यानें निदान एकदां स्वतःस विचारलेलें असतें कीं, हें मी कशासाठीं आणि कोणाच्या जिवावर करीत आहें? हा प्रश्न प्रत्येक कारखानदारानें शर्यतींत राहूनच, सर्वांनीं मिळून व वेळेवर विचारला असता, तर १९५७ सालीं तिघांस जावें लागलें नसतें व २०२२ सालीं एकासहि नाहीं.

पुतण्यास मीं हें सर्व सांगितलें. त्याला तें कितपत पटलें कोण जाणे! तो म्हणाला, “पण काका, मर्यादा घातली तर सहा सिलिंडरांचं एंजिन पुन्हां होणार नाहीं.” मीं म्हटलें, खरें आहे, होणार नाहीं. त्याबद्दल मलाहि हळहळ वाटते. पण पुढच्या रविवारीं शर्यत पाहावयास आपण दोघे बसूं तेव्हां निघण्याच्या रेषेवर एकाहून अधिक गाड्या उभ्या असल्या पाहिजेत, एवढें तरी तूं मान्य करशील कीं नाहीं?